दिवसाचे दिवे

साहेबरावांनी गाडी घेतली ती नव्या जिल्ह्याच्या भरवशावर. त्या साली उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा लातूरच्या प्रत्येक कचेरीत होती. सव्वीस जानेवारीला होणार म्हणत होते. ती गेली तसं एक मे धरून बसले. साहेबराव पाणीपुरवठ्याच्या हापिसात शाखा अभियंता. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या जागा, आणि आपण बढतीवर उदगीरला जायचं, हे त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं. घर मात्र औशातच ठेवायचं. बायको पंचशीला तिथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, आणि आई, नागुबाई, औसा सोडून कुठं जायला तयार नव्हती. मग रोज येऊन-जाऊन करायला गाडी हवी. फेब्रुवारीत त्यांनी हैदराबादच्या एका ओळखीच्या माणसाची दोन वर्षं वापरलेली गाडी आणली. चंदेरी रंगाची.

त्या गाडीला पुढच्या बाजूला दोन बारीक, पांढरेशुभ्र दिवे होते. किल्ली फिरवली की ते आपोआप लागायचे, अगदी भर दुपारीसुद्धा. बंद करायला बटणच नव्हतं.

पहिल्याच दिवशी बसस्टँडपासून घरापर्यंत पाच जणांनी त्यांना हात करून थांबवलं. समोरून येणारा मोटारसायकलवाला बोटं उघडमीट करून दाखवायचा, पानटपरीवरचा ओरडायचा, "साहेब, लाईट चालू हाय!"

"असू द्या. ते तसंच असतंय."

"बॅटरी उतरंल की!"

साहेबराव सरळ पुढं जाणारा माणूस नव्हे. काच खाली करून ते समजावून सांगायचे. "हे दिवे आपल्याला दिसावं म्हणून न्हाईत. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून हायत." माणूस मान हलवायचा आणि त्यांच्याकडं जरा संशयानं बघत निघून जायचा. पंचशीला शेजारी बसून हे ऐकायची आणि पदर सारखा करायची.

"भर उन्हात कोणाला दिसायचंय?" ती एकदा म्हणाली. "उन्हात काय माणसं आंधळी असतात का?"

"उन्हातच घात होतो," साहेबराव म्हणाले. "रात्री माणूस भिऊन चालवतो. दिवसा बिनघोर असतो."

हे चाललं असतं. भोकरला भाचीच्या लग्नात पाव्हण्यांनी 'दाजींची गाडी दिवसा कंदील घेऊन फिरती' म्हणून चेष्टा केली, तीही पंचशीलेनं हसून सोडली. पण मार्चच्या शेवटी एका रविवारी साहेबराव टँकरची तपासणी करायला निघाले, तेव्हा ती सोबत गेली. त्याच गावात तिची एक जुनी पेशंट बाळंत झाली होती, तिला बघून यावं म्हणून.

गावात चौदा-चौदा तास वीज नव्हती. टँकर सकाळी सातला यायचा तो अकरा वाजले तरी आला नव्हता. पारापासून शाळेपर्यंत घागरींची रांग, आणि प्रत्येक घागरीपाशी डोक्यावर पदर ओढून बसलेली बाई. गाडी वळणावरून आत शिरली तशी सगळ्यांनी माना वर केल्या. दोन दिवे लखलखत होते. रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "दिवे लावून आला गं बाई, साहेब! आमच्या घरात उजेड न्हाई आन् ह्याच्या गाडीला दिवसा दिवाळी. पाणी कुठं हाय, पाणी?"

रांग हसली. साहेबराव खाली उतरून सगळ्यांशी बोलले, टँकरवाल्याला फोन लावला, पाणी येईपर्यंत तिथंच थांबले. पंचशीला गाडीतून उतरलीच नाही. बाळंतिणीला बघायचंही राहून गेलं.

परतताना ती म्हणाली, "ते दिवे काढून टाका."

"अगं, म्हातारी तहानेनं बोलली. दिव्यांचा काय दोष?"

"मला काही ऐकायचं न्हाई. मी ह्या गाडीत बसून पुन्हा कुठल्या गावात जाणार न्हाई."

साहेबरावांनी तीन दिवस काही केलं नाही. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तुला लाज वाटती ना? मग काढू." संध्याकाळी ते तिला घेऊनच ईश्वरप्पाच्या दुकानात गेले. ईश्वरप्पा औशात गाड्यांची वायरिंग करायचा. हात हलका, बोलणं मोजकं. त्यानं बॉनेट उघडलं, एक वायर शोधली, कापली आणि दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळली. दहा मिनिटांचं काम. साहेबरावांनी किल्ली फिरवून पाहिली. गाडीचं तोंड विझल्यासारखं झालं. "झालं समाधान?" ते म्हणाले आणि हसले. ती पण हसली.

त्यानंतर सतराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, औसा-लातूर रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं तिथल्या कच्च्या वळणरस्त्यावर रिकामा टँकर आणि चंदेरी गाडी समोरासमोर आले. धूळ इतकी होती की टँकरच्या मागच्या जीपवाल्याला आधी आवाज ऐकू आला आणि मग गाडी दिसली.

पंचशीला त्या वेळी दवाखान्यात लस टोचत होती. रुग्णवाहिका आली तशी ती नेहमीप्रमाणे बाहेर धावली. आधी तिला बूट दिसले. मग तिनं शर्ट कापला, नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, डोळ्यांवर बॅटरी मारली. हात आपापलं काम करत होते. डॉक्टरांनी तिच्या दंडाला धरलं. "सिस्टर, तुम्ही बाहेर बसा." ती बाहेर आली. बाकावर दोन बायका लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिनं हात धुतले आणि दोन्ही लेकरांना लस टोचली. दुसऱ्या लेकराची आई रडत होती. ही कामून रडते, असं पंचशीलेला वाटलं.

घर माणसांनी भरलं. भन्तेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाच्या दिवशी हापिसातले लोक साहेबरावांबद्दल बोलले. औरंगाबादला शिकणारी मुलगी आली, आईला धरून रडली, आणि परीक्षा होती म्हणून मामानं तिला परत नेऊन सोडलं. पंचशीला सगळं बघत होती. कुणी पाणी दिलं की प्यायची, ऊठ म्हटलं की उठायची. पंधराव्या दिवशी ती कामावर गेली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अजून रजा घे. ती म्हणाली, घरी काय करू?

गल्लीत तीन दिवसांआड टँकर यायचा. तो आला की बायका तिच्याकडं बघून गप्प व्हायच्या. तिला कळायचं की आपल्याला ह्या टँकरची चीड यावी, निदान भीती वाटावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. ती पाइपाखाली घागर लावायची, भरली की उचलायची. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तिला त्या लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारख्या ऐकू यायच्या.

एकच गोष्ट भिंतीच्या अलीकडं होती. ती काळी चिकटपट्टी. भाकरी थापताना, सलाईन लावताना, आंघोळीच्या दोन तांब्यांमध्ये ती दिसायची.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती ईश्वरप्पाच्या दुकानात गेली. तिला बघून तो हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "ते दिवे चालू असते तर टँकरवाल्याला गाडी दिसली असती का?"

ईश्वरप्पानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "सिस्टर, मी रोज तेवढंच घोकून राहिलो. मला झोप न्हाई. पण मी तिथं नव्हतो. ज्यानं बघायचं होतं त्यालाच ठाऊक."

ज्यानं बघायचं होतं त्या टँकरवाल्याचं नाव रामकिशन. भोकरजवळच्या एका खेड्यातला. जामिनावर सुटून गावी गेला होता, एवढं तिला पोलिसांकडून कळलं होतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेची बस धरून ती नांदेडला गेली, तिथून भोकरला, आणि भोकरहून पुढं काळीपिवळीनं. नागुबाईला सांगितलं, भावाकडं जाऊन येते.

रामकिशनचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो ओट्यावर बसून दोरी वळत होता. पस्तिशीचा, बारीक अंगाचा. तिनं नाव सांगितलं तसा त्याच्या हातातली दोरी सुटली. आतून त्याची आई, सरजाबाई, बाहेर आली, आणि कोण आलंय हे कळताच दारातच खाली बसली. पंचशीलेनं पाणी मागितलं. अर्धा तांब्या मिळाला. त्या घरात तेवढंच होतं हे तिला दिसलं.

"मी भांडायला आले न्हाई," ती म्हणाली. "मला एकच सांगा. त्या गाडीला पुढून दोन दिवे होते. दिवसा चालू राहायचे. मी ते बंद करायला लावले. ते चालू असते तर तुम्हाला गाडी दिसली असती का?"

रामकिशननं सुटलेली दोरी गोळा केली. "साहेब लोकांनी लई विचारलं," तो म्हणाला. "किती जोरात व्हतास, दारू पिला व्हतास का, किती तास झोपलास. हे कुणी विचारलं न्हाई."

"मी विचारते."

"न्हाई दिसली असती, बाई," सरजाबाई दारातून घाईनं म्हणाली. "एवढ्या धुळीत काय दिसतंय! तुम्ही जीवाला लावून घेऊ नका."

पंचशीलेनं तिच्याकडं पाहिलं. वीस वर्षं ती पेशंटच्या नातेवाइकांना असंच बोलत आली होती. तिला राग आला नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही चांगल्या मनानं बोलता. पण त्यांना बोलू द्या."

"मला ठाऊक न्हाई," रामकिशन म्हणाला. "देवाशपथ ठाऊक न्हाई."

ती उठली आणि औशाला परत आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर पोचली, तेव्हा रामकिशन दवाखान्याच्या फाटकापाशी उभा होता. अंगावर धुतलेला सदरा, हातात काही नाही. रात्रभर प्रवास करून आला होता हे डोळ्यांवरून कळत होतं. "बाई," तो म्हणाला, "तिथं जाऊन बघू. मलाबी कळू दे."

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ईश्वरप्पाकडं त्याच कंपनीची, तसलेच दिवे असलेली एका गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्तीला आली होती. त्यानं मालकाला फोन करून विचारलं, खरं काय ते सांगून. मालक म्हणाला, न्या.

अकराच्या सुमाराला तिघे त्या कच्च्या रस्त्यावर उतरले. पुलाचं काम बंद पडलं होतं, कारण काँक्रीटला पाणी नव्हतं. पण वाहनं तशीच चालू होती आणि प्रत्येक वाहनामागं पिवळट धुळीची भिंत उभी राहत होती. रामकिशन वळणाच्या ह्या बाजूला, टँकर होता तिथं, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पंचशीला त्याच्या शेजारी. ईश्वरप्पा गाडी घेऊन पलीकडं गेला. ठरलं असं, की एखादा ट्रक धूळ उडवून गेला की त्याच्या मागून ईश्वरप्पानं यायचं. एकदा दिवे बंद करून, एकदा चालू करून. त्यासाठी त्यानं वायरला तात्पुरतं बटण जोडलं होतं. गाडी दिसली की रामकिशननं हात वर करायचा, पंचशीलेनं चालू ठेवलेल्या फोनवर 'थांबा' म्हणायचं, म्हणजे ईश्वरप्पा जागीच थांबणार.

पहिल्यांदा दिवे बंद होते. धुळीत काहीच नव्हतं, नव्हतंच, आणि एकाएकी गाडी होती. रामकिशननं हात वर केला. पंचशीला चालत गेली. बासष्ट पावलं.

दुसऱ्यांदा धुळीत आधी दोन ठिपके दिसले. गाडी नाही, नुसते ठिपके. रामकिशनचा हात वर गेला. ती चालत गेली. एकशे चाळीस पावलं.

त्यांनी पुन्हा केलं. पावलं थोडी इकडंतिकडं झाली, पण ठिपके दर वेळी आधी दिसले. डोक्यावर ऊन रणरणत होतं. जाणारे-येणारे त्यांच्याकडं बघून जात होते. एका जीपवाल्यानं ईश्वरप्पाला बोटं उघडमीट करून दाखवली.

"म्हणजे दिसली असती," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज एखादा रिपोर्ट वाचावा तसा निघाला.

रामकिशन धुळीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, अजून एक सांगतो. हे म्या पोलिसांला बी सांगितलं न्हाई. त्या येळेला म्या पुढं बघतच नव्हतो. टाकीचं झाकण वाजून राहिलं व्हतं, म्हणून आरशात बघून राहिलो व्हतो. दोन पळं, बस. मान वर केली तर गाडी छातीवर व्हती."

त्यानं बाहीनं तोंडावरची धूळ पुसली.

"दिवे असते तर डोळ्याच्या कोपऱ्यात चमकले असते का," तो म्हणाला, "ते सांगता येत न्हाई."

"मग आरशात बघत उभं राहा," ती म्हणाली. "पुन्हा करू."

ईश्वरप्पानं गाडीचा सुटा आरसा काढून दिला. रामकिशन तो हातात धरून उभा राहिला. ईश्वरप्पा पलीकडं गेला, ट्रक गेला, धूळ उठली, दिवे आले. रामकिशननं हात वर केला. आणि लगेच खाली घेतला.

"हे खरं न्हाई, बाई," तो म्हणाला. "आता मला ठाऊक हाय गाडी येणार हाय. म्या आरशात बघत असलो तरी तिचीच वाट बघून राहिलो. त्या दिवशी म्या कोणाची वाट बघत नव्हतो."

त्यानं आरसा ईश्वरप्पाला नीट, दोन्ही हातांनी परत दिला आणि रस्त्याच्या कडेला खाली बसला. पंचशीलाही बसली. तापलेल्या खडीचे चटके बसत होते, आणि ते दुसऱ्याच कुणाला बसत असावेत तसं तिला वाटत होतं. तिनं पर्समधली पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढं केली. त्यानं तोंड न लावता दोन घोट घेतले.

दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. तपासाचे जमादार तिला ओळखत होते; त्यांच्या सुनेचं बाळंतपण तिनंच केलं होतं. तिनं सगळं सांगितलं. दिवे होते, ते मी काढायला लावले, ते असते तर गाडी दुपटीहून लांबून दिसली असती. हे लिहून घ्या. आरशाचं मात्र ती बोलली नाही. ते रामकिशनचं होतं. सांगायचं की नाही ते त्यानं ठरवावं.

जमादारांनी पेन उचललं नाही. "सिस्टर, लिहून काय करू? गाडीला दिवसा दिवे लावायचेच, असा कुठं नियम हाय? नियम असता तर तो मोडला असं म्हणता आलं असतं. कायद्याच्या हिशेबानं तुम्ही काहीच केलं न्हाई."

"मी केलंय."

"कायद्याच्या हिशेबानं म्हणलं मी." त्यांनी चहा मागवला. "ते दिवे लई कामाचे असतात का खरंच?"

"धुळीत असतात," ती म्हणाली. "माणूस बघत असला तर."

चहा तिनं अर्धा प्यायला आणि बाहेर आली. कुठंतरी जाऊन सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि कुणी ते घेतलं नव्हतं. दवाखान्यात जायला अजून दोन तास होते. ती घरी गेली.

नागुबाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. पंचशीला चप्पल काढून तिच्यासमोर, भिंतीला टेकून बसली.

"आत्याबाई, मी त्या दिवशी भावाकडं गेले नव्हते. टँकरवाल्याकडं गेले होते."

नागुबाईचा हात थांबला नाही. "हं."

"गाडीचे दिवे मीच काढायला लावले होते. ते असते तर कदाचित..."

"मला ठाऊक हाय."

"कोणी सांगितलं?"

"त्यानंच. त्याच संध्याकाळी. आई, पंचशीलेला लाज वाटती, म्हणून काढून टाकले म्हणला." नागुबाईनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "म्या म्हणलं, बरं केलंस बाबा. मलाबी ते डोळ्यावर यायचे. शेजारची धुरपताबाई दोनदा बोलून गेली व्हती, तुमच्या लेकाला दिवस-रात्र कळत न्हाई का म्हणून."

पंचशीला बघत राहिली. "इतके दिवस बोलला न्हाईत."

"तू बोलत न्हवतीस. म्या काय बोलू? माझं पोरगं गेलं, तुझा दादला गेला. त्यात मी म्हणू का, तू केलंस? मग तू म्हणशील, तुम्ही बी म्हणलात की. आन् मग दोघी एका घरात कशा ऱ्हायच्या?" तिचा आवाज तिथं फाटला, पण तिनं सूप खाली ठेवलं नाही. "त्याला पटलं व्हतं का गं? का नुसतं आपल्यासाठी काढले?"

"पटलं नव्हतं," पंचशीला म्हणाली. "आपल्यासाठी काढले."

"हाव. तसाच व्हता."

बाहेर उन्हात कुत्रं धापा टाकत होतं. पंचशीला पुढं सरकली आणि सुपाच्या दुसऱ्या कडेनं खडे वेचू लागली. रडू येईल असं तिला वाटलं, आलं नाही. नागुबाईचं मात्र टपटप गळत होतं, ज्वारीत पडत होतं, आणि तिकडं दोघींचंही लक्ष नव्हतं.

"आज दुपारची पाळी का?" थोड्या वेळानं नागुबाईनं विचारलं.

"हाव. दोनला जायचंय."

"मग भाकरी टाकते. खाऊन जा."

"टाका," पंचशीला म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली.